आबांचं एक वाक्य आणि गेलेलं गृहखातं

१ डिसेंबर २००८, सोमवार. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात ताजमधला शेवटचा अतिरेकी मारला जाऊन दोनच दिवस झालेले, आणि राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा, यांनी राजीनामा दिला. आदल्या दिवशी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले होते, त्याच आठवड्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनाही जावं लागलं. तिघंही महाराष्ट्रातले, तिघांच्या जाण्याचं कारण एकच, पण लोकांच्या डोक्यात तिघांच्या तीन वेगळ्या गोष्टी बसल्या. शिवराजजी म्हटलं की ते बदललेले कपडे (ते तर सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांवेळचे, तरी चिकटले ते चिकटलेच), विलासराव म्हटलं की मुलाला आणि एका सिनेदिग्दर्शकाला घेऊन मारलेली ताजमधली फेरी, आणि आबा म्हटलं की ते हिंदी वाक्य.

वाक्य सगळ्यांना माहितीये. मोठ्या शहरांत असा एखादा हादसा होतो, ते पाच हजार माणसं मारायला आले होते, त्या मानाने आपण नुकसान कमी होऊ दिलं, असा त्याचा एकूण आशय. चॅनलवाल्यांनी पुढचं पाच हजारांचं सोडलं आणि पहिला तुकडा तेवढा दिवसभर फिरवला. त्यात तो एका गाजलेल्या सिनेमातल्या संवादासारखा निघाला, म्हणजे आगीत तेलच. १६६ माणसं गेली होती, करकरे, कामटे, साळसकर गेले होते, तुकाराम ओंबळेंनी नुसत्या काठीच्या जोरावर कसाबला धरून गोळ्या अंगावर घेतल्या होत्या. अशा वेळी 'एखादा हादसा' हे शब्द ऐकून कुणाचंही डोकं फिरणारच, इथे बचावाला काही जागाच नाही.

पण मला हे प्रकरण अभ्यासायला घ्यावंसं वाटतं ते वेगळ्या कारणाने. याहून भयंकर बोलून खुर्चीवर टिकलेले मंत्री आपण ढिगाने बघितलेत. मग आबाच एका वाक्यावर का गेले? आणि गेले ते गेले, वर्ष व्हायच्या आत त्याच खात्यावर परत कसे आले? दोन्हीचं उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी आहे, आणि त्यासाठी मुंबई सोडून तासगावला जावं लागतं.

रावसाहेब रामराव पाटील. जन्म १६ ऑगस्ट १९५७, गाव अंजनी, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. हा भाग बाहेरच्यांना द्राक्षं आणि बेदाणा म्हणून माहितीये पण तो पाणी आल्यानंतरचा, त्याच्या आधीचा तासगावचा पूर्व भाग म्हणजे कुसळं. घरची परिस्थिती बेताची, सांगलीत शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका करून शिक्षण, पुढे वकिलीची डिग्री. १९७९ मध्ये, म्हणजे बाविशीच्या आत-बाहेर, सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० पर्यंत तिथेच. १९९० ला तासगावातून आमदार. त्यानंतर ९५, ९९, २००४, ०९, १४, एकदाही पडले नाहीत. सलग सहा.

आता सांगली जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. वसंतदादांच्या घराकडे सांगलीचा कारखाना. वाळव्यात राजारामबापूंचा कारखाना, बँक, दूध संघ, इंजिनिअरिंग कॉलेज, आणि तो सगळा पसारा जयंत पाटलांकडे. कडेगाव-पलूसला पतंगराव कदम, त्यांची भारती विद्यापीठ आणि सोनहिरा कारखाना. या जिल्ह्यात नेता म्हणजे त्याच्या नावाची संस्था, आणि संस्था म्हणजे पगारावरची माणसं. निवडणूक आली की चिटबॉयपासून (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या बघणारा कारखान्याचा माणूस) प्राध्यापकापर्यंत सगळी यंत्रणा प्रचाराला लागते, कुणाला सांगावं पण लागत नाही. उसाची तोड कुणाची आधी येणार, पोराला कुठे चिकटवणार, मुलीच्या ॲडमिशनचं काय, या सगळ्याची चावी संस्थेत असते. या सगळ्यांच्या मधोमध आबा, ज्यांच्याकडे ना स्वतःचा कारखाना, ना कॉलेजांची साखळी.

मग होतं काय? बोलणं. भाषण हा एकच शब्द वापरला तर ते अपुरं होईल कारण आबांचं बोलणं माईकपुरतं नव्हतंच. गावात आले की कुठल्याही ओट्यावर बसायचं, नावाने हाक मारायची, कुणाचं म्हातारं आजारी आहे, कुणाची विहीर बुजली हे लक्षात ठेवून पुढच्या वेळी विचारायचं. सभेत ग्रामीण विनोद, समोरच्याला चिमटा, मधेच एकदम गंभीर. आणि विधानसभेत अभ्यास करून बोलायचे. ९५ ते ९९ युती सरकारच्या काळात विरोधी बाकावरून त्यांनी जी प्रकरणं लावून धरली, लक्षवेधी सूचना म्हणू नका, तारांकित प्रश्न म्हणू नका, त्यातनंच तासगावचा आमदार राज्याला माहीत झाला. ९९ ला राष्ट्रवादी निघाली तेव्हा ते शरद पवारांबरोबर गेले आणि ऑक्टोबरमध्ये विलासरावांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकास मंत्री झाले.

ग्रामविकास खातं तेव्हा कुणी हौसेनं मागायचं नाही. गृह, महसूल, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम ही मलईची, ग्रामविकास म्हणजे झेडपीच्या बदल्या आणि शिक्षकांची निवेदनं. आबांनी त्या खात्यातनं काय काढलं तर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २०००-०१ पासून.

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आबांची खरी पद्धत इथे उघडी दिसते. सरकारी योजना कशी असते? सरकार आधी पैसे देतं, मग काम होतं, म्हणजे निम्मं होतं. संडासाला अनुदान दिलं, लोकांनी त्यात गोवऱ्या आणि सरपण भरलं, हे महाराष्ट्रात गावोगाव झालेलं. आबांनी उलटं केलं. आधी गावाने स्वतःच्या अंगमेहनतीने गाव साफ करायचं, मग तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा, आणि बक्षीस. म्हणजे सरकारचा खर्च कुठे, तर जिंकलेल्या गावांवर. न जिंकलेल्या गावांनीही काम केलेलंच असायचं, तेही फुकटात! तपासणी समिती येणार म्हटलं की आठ दिवस आधी गावात अशी धांदल उडायची की बास, उकिरडे गावाबाहेर, शोषखड्डे, गटारीला उतार, भिंतींवर म्हणी आणि गाडगेबाबांची चित्रं, दारात रांगोळ्या, शाळेची पोरं झाडू घेऊन प्रभातफेरीला. आणि ते गुड मॉर्निंग पथक. पहाटे रस्त्याच्या कडेला टमरेल घेऊन बसलेल्याच्या समोर जाऊन शिट्टी मारायची, वर गुलाबाचं फूल द्यायचं. आज बघितलं तर लाज काढून सुधारणा करणं हे काही फार बरं नाही, त्यात बाया आणि गरीब घरंच जास्त भरडली गेली असणार कारण ज्याच्याकडे जागाच नाही तो संडास बांधणार कुठे, पण गावाच्या ईर्षेवर चालणारी योजना म्हणून ती भन्नाट होती. शेजारच्या गावाला बक्षीस मिळालं आणि आपल्याला नाही, यापेक्षा मोठं दुःख आपल्याकडे नाही.

आणि मंत्री स्वतः झाडू घेऊन उतरायचा. फोटोपुरतं असतं तर लोकांनी तेव्हाच ओळखलं असतं, गावाकडच्या माणसाला नाटक लगेच कळतं. केंद्राने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार आणला, त्यातही पुढे महाराष्ट्रातली गावं हिरीरीने उतरली, ती तयारी इथली. या अभियानाला ना जमीन लागली ना मोठं टेंडर. लागली ती एक कल्पना आणि ती गावाच्या गळी उतरवणारा माणूस. म्हणजे आबांचं जे एकमेव भांडवल होतं तेच या खात्यात सगळ्यात जास्त चालणारं निघालं.

डिसेंबर २००३. तेलगीचं बनावट मुद्रांकांचं प्रकरण पेटलेलं, त्यात एका चॅनलच्या ऑफिसवर हल्ला झाला आणि छगन भुजबळांना उपमुख्यमंत्रीपद आणि गृहखातं सोडावं लागलं. पवारांना त्या खुर्चीवर असा माणूस पाहिजे होता ज्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. आबा गृहमंत्री झाले. पुढे २००४ ला राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९, तरी मुख्यमंत्रीपद काँग्रेसला गेलं आणि आबा उपमुख्यमंत्री झाले, गृहखात्यासकट. अंजनीचा पोरगा राज्यात दोन नंबरला. इमेजचं म्हणाल तर तेव्हा तिला तोड नव्हती, स्वच्छ आबा.

इथूनच गाडीचा रूळ बदलतो असं मला वाटतं. ग्रामविकासमध्ये मंत्र्याचं वाक्य लोकांना कामाला लावतं. गृहखात्यात मंत्र्याचं वाक्य कोर्टात वाचलं जातं, पोलीस स्टेशनात पाळलं जातं, आणि चॅनलवर कापलं जातं. आबांनी मात्र बोलण्याची पद्धत बदलली नाही.

पहिली ठळक केस डान्सबारची. मार्च २००५ मध्ये शेकापचे आमदार विवेक पाटील यांनी रायगडमधल्या डान्सबारचा विषय विधानसभेत काढला. पनवेल पट्ट्यात जमिनी विकल्या जात होत्या, पोरांच्या हातात पैसा खुळखुळत होता, तो रात्रीत बारमध्ये उडत होता, घरं मोडत होती, ही तक्रार खोटी अजिबात नव्हती. आबांनी सभागृहातच बंदीची घोषणा केली, आधी मुंबई वगळून, मग दोन आठवड्यांत मुंबईसकट. गावाकडच्या बायकांनी डोक्यावर घेतलं. जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती मंजूर झाली, ऑगस्टच्या मध्यावर बंदी लागू.

आता त्या दुरुस्तीत बघा काय केलं होतं. कलम ३३अ मध्ये खानावळ, परमिट रूम, बिअर बारमध्ये नाच बंद. आणि लगेच ३३ब मध्ये सूट, कुणाला, तर थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना, मेंबरांच्या क्लबांना, जिमखान्यांना. म्हणजे गरिबाच्या बारमध्ये नाच झाला की बाईच्या प्रतिष्ठेला धक्का आणि श्रीमंताच्या हॉटेलात झाला की संस्कृती. हे कलम लिहिताना विधी विभागातल्या एकालाही कसं दिसलं नाही की कोर्ट इथेच बोट ठेवणार? १२ एप्रिल २००६ ला हायकोर्टाने दुरुस्ती रद्द केली, समानतेचा हक्क आणि व्यवसायाचा हक्क या दोन्हींवर. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, स्थगिती मिळाली, त्यामुळे बार बंदच राहिले, पण १६ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचाच निकाल कायम केला. जून २०१४ मध्ये आबांनी ती सूट काढून नवी दुरुस्ती आणली, विधानसभेत चर्चेशिवाय एकमताने मंजूर झाली, त्यालाही २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. तोवर ते नव्हते.

आणि त्या बायका? पंचाहत्तर हजार हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता, तो किती खरा हा भाग सोडा, पण हजारो बायकांची रोजीरोटी एका घोषणेवर गेली आणि पुनर्वसनाच्या नावाने कागदच जास्त दिसले. बारबालांची युनियन आणि काही महिला संघटनाच बंदीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या हे गावाकडे कुणाला फारसं कळलंच नाही. गावाकडे एवढंच कळलं की आबांनी डान्सबार बंद केले. आजही तासगाव-कवठेमहांकाळात कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि कोर्टाचं सांगायला गेलात तर तुम्हालाच वेड्यात काढतील. घोषणा जिंकली, कायदा हरला, आणि मतं घोषणेला पडतात.

याच काळात बोलण्यातल्या ठेचाही लागायला लागल्या होत्या. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट, सप्टेंबरात मालेगावचे स्फोट, त्याच महिन्यात खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबाचं हत्याकांड. खैरलांजीनंतर जे आंदोलन उसळलं त्यामागे नक्षलवादी असल्याचं त्यांनी बोलून दाखवलं आणि दलित समाजात मोठी नाराजी झाली, आणि ती रास्तच होती. भोतमांगे कुटुंबासाठी रस्त्यावर आलेल्या माणसाला नक्षलवादी म्हणायचं म्हणजे काय! मग ऑक्टोबर २००८. मनसेचं परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन, राज ठाकरेंना अटक, आणि त्या गरमागरमीत मुंबईच्या बसमध्ये पिस्तूल घेऊन चढलेला बिहारचा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. आबा म्हणाले, गोळीला गोळीनेच उत्तर मिळेल. महाराष्ट्रात टाळ्या, बिहारमध्ये आगडोंब. तेव्हाही ते हिंदी चॅनलच्या माईकसमोर होते. महिनाभराने पुन्हा तेच माईक, पुन्हा हिंदी.

मधे २००७ मध्ये त्यांनी गृहखात्यातही गावाचा फॉर्म्युला आणून बघितला होता, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, १५ ऑगस्टपासून. बांधावरची भांडणं, भावकीचे वाद, किरकोळ मारामाऱ्या गावातच मिटवायच्या, समितीने नोंदी ठेवायच्या, गुण मिळवायचे, बक्षीस घ्यायचं. तंटामुक्ती अध्यक्ष हे गावात सरपंचाच्या खालोखाल पद झालं. विदर्भात तर समित्यांनी पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावून दिली, हारतुरे घालून. दुसरी बाजू अशी की गावातल्या वजनदार माणसांसमोर बाईने नवऱ्याविरुद्ध किंवा दलिताने पाटलाविरुद्ध तोंड उघडायचं तर ते 'मिटवून' म्हणजे कुणाच्या बाजूने मिटणार, हे सांगायला नको. तरी एक मान्य केलं पाहिजे, पोलीस खात्यात बसून पोलीस स्टेशनची पायरी टाळायची योजना काढणारा गृहमंत्री आपल्याकडे दुसरा झाला नाही.

तर आता नोव्हेंबर २००८. गृहमंत्री म्हणून आबांकडे जबाबदारी होतीच. मुंबई पोलीस जुनाट बंदुका आणि काठ्या घेऊन एके-४७ समोर उभे राहिले, बुलेटप्रूफ जॅकेटच्या दर्जाचा वाद करकरेंच्या मृत्यूनंतर पुढे कितीतरी दिवस गाजला, शीघ्र कृती करणारं स्वतःचं पथक शहराकडे नव्हतं, कमांडो दिल्लीकडून यायला रात्र गेली. यातलं समुद्राचं आणि गुप्तवार्तेचं बरंचसं केंद्राकडे, एनएसजी म्हणजे ते कमांडो पथक केंद्राचं, पण पोलिसांच्या हातातलं शस्त्र राज्याचं. राजीनामा यावर मागायला हवा होता. मागितला कशावर गेला, तर वाक्यावर. आणि गंमत अशी की वाक्यावर राजीनामा घेतला की शस्त्रांचा, जॅकेटांचा, खरेदीच्या फायलींचा प्रश्न आपोआप मागे पडतो. सगळ्या व्यवस्थेला ते सोयीचंच होतं. एक तोंड गप्प केलं की झालं.

आता माझ्या मूळ प्रश्नावर. ते गेले कारण त्यांच्याकडे बोलण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. ज्याच्यामागे वीस संस्था आहेत त्याचं वाक्य चुकलं तर दुसऱ्या दिवशी वीस संस्थांचे पदाधिकारी पत्रक काढतात, आमदारांचा गट नेत्याच्या बंगल्यावर जाऊन बसतो, 'साहेब, यांना काढलं तर जिल्हा हातचा जाईल' म्हणतो. आबांच्या मागे आमदारांचा गट नव्हता. त्यांचं वजन पवारांच्या विश्वासावर आणि लोकांच्या प्रेमावर, आणि त्या आठवड्यात लोकांचं प्रेमच फिरलेलं. पक्षाला आबांना हलवताना एकाही साखर कारखान्याचा विचार करावा लागला नाही. गृहखातं गेलं कुणाकडे? जयंत पाटलांकडे. त्याच सांगली जिल्ह्यात, वाळव्यात, संस्थांच्या माणसाकडे. उपमुख्यमंत्रीपद भुजबळांकडे, म्हणजे ज्यांच्या जाण्याने आबा आले होते तेच परत. राजकारणात वर्तुळं अशी पूर्ण होतात की लेखकाने लिहिली असती तर खोटी वाटली असती.

परत आले तेही याच कारणाने. ज्याची संस्था बुडते त्याला पुन्हा उभं राहायला दहा वर्षं लागतात, ज्याची जीभ घसरते त्याला पुन्हा बोलायला सुरुवात करायची असते, एवढंच. २००९ ला मतदारसंघ फेररचनेत तासगावला कवठेमहांकाळ जोडलं गेलं, म्हणजे अर्धी मतं नवी. तरी आबा निवडून आले. प्रचारात त्यांनी काय केलं, तर तेच, गावं फिरले, बोलले. नोव्हेंबर २००९ मध्ये अशोक चव्हाणांच्या मंत्रिमंडळात पुन्हा गृहमंत्री. उपमुख्यमंत्री नाही, ते भुजबळांकडेच राहिलं आणि वर्षभराने अजित पवारांकडे गेलं.

आणि या वेळी त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रीपद मागून घेतलं. हे लोक विसरतात. गडचिरोली म्हणजे शिक्षेची पोस्टिंग, अधिकारी बदली रद्द करायला मुंबईत खेटे घालतात, पालकमंत्री झेंडा फडकवून परत. ऑक्टोबर २००९ मध्येच लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी १७ पोलिसांना मारलं होतं. अशा वेळी गृहमंत्र्याने स्वतःहून तो जिल्हा घ्यायचा, आत दुर्गम भागात जायचं, जवानांच्या पंगतीत बसायचं, हे त्या पोलिसांना काय वाटलं असेल ते तिथे नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. प्रायश्चित्त म्हणा, राजकारण म्हणा, मला दोन्ही वाटतं. पोलीस भरतीतल्या वशिल्याला आळा घालायचा त्यांनी जो प्रयत्न केला तोही गावाकडे अजून काढला जातो, पैसे न देता पोरगा लागला, हे वाक्य आपल्याकडे किती दुर्मिळ आहे ते वेगळं सांगायला नको.

बाकी दुसरी टर्म चांगली गेली असं म्हणवत नाही. फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीचा स्फोट. जुलै २०११ ला मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादर इथले स्फोट, आणि त्या संध्याकाळी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना पंधरा मिनिटं पोलीस अधिकाऱ्यांशी संपर्कच होत नव्हता, २६/११ ला तीन वर्षं होत आलेली असताना! ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावरची दंगल. ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून, ज्याचा तपास त्यांच्या काळात जागचा हलला नाही. मुंबईच्या सीसीटीव्हीचं टेंडर वर्षानुवर्षं लटकलं, कॅमेरे पूर्ण लागायला २०१६ उजाडलं. टेंडर, फाईल, खरेदी, अधिकाऱ्यांमधली गटबाजी, या गोष्टी ओट्यावर बसून, नावाने हाक मारून सुटत नाहीत. गृहखातं हे नव्वद टक्के असल्याच गोष्टींचं खातं आहे.

एक सकाळ मात्र त्यांच्या नावावर आहे. २१ नोव्हेंबर २०१२, येरवडा तुरुंग. साडेसातला कसाबला फाशी दिली आणि मग गृहमंत्र्यांनी चॅनलसमोर येऊन ते सांगितलं. त्याआधी कुठेही बातमी फुटली नव्हती. ज्या माणसाचं खातं बोलण्यामुळे गेलं त्याच्या खात्याने एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली. त्या सकाळचं त्यांचं निवेदन बघा कधी मिळालं तर, मोजकं, कोरडं, विनोद नाही की डायलॉग नाही.

शिकले म्हणावं तर ऑक्टोबर २०१४ ला पुन्हा घसरले. प्रचारसभेत मनसेच्या उमेदवारावरच्या बलात्काराच्या गुन्ह्याबद्दल बोलताना, आमदार व्हायचं होतं तर निवडणूक झाल्यावर तरी करायचं, असल्या अर्थाचा 'विनोद' केला. राज्याचे गृहमंत्री राहिलेल्या माणसाने. माफी मागितली, पण ते वाक्य २००८ च्या वाक्यापेक्षा मला जास्त वाईट वाटतं, कारण २००८ चं घाईत, झोप नसताना, परक्या भाषेत निघालेलं होतं, हे आपल्या भाषेत, आपल्या माणसांत, टाळीसाठी. आणि टाळ्या पडल्याही असतील, त्याचंच जास्त वाईट वाटतं. निवडणूक जिंकले ते.

तंबाखू सुटली नव्हती. तोंडाचा कॅन्सर झाला. १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत लीलावतीमध्ये गेले, वय ५७. अंजनीत अंत्यसंस्कार झाले तेव्हा रस्ते माणसांनी भरलेले. एप्रिलच्या पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई प्रचंड मतांनी निवडून आल्या, भाजपने उमेदवारच दिला नाही. २०१९ ला पुन्हा त्याच.

आणि मग प्रकरणाला एक पुरवणी जोडली गेली जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. ऑक्टोबर २०२४, विधानसभेचा प्रचार. राष्ट्रवादी फुटलेली, आबांचा मुलगा रोहित शरद पवारांकडून उभा, समोर अजित पवारांकडून संजयकाका पाटील. तासगावच्या सभेत अजित पवार बोलले की सिंचन घोटाळ्याच्या आरोपांत माझी उघड चौकशी करा, असं त्या फाईलवर सही करून गेले ते आर. आर. पाटील, ज्यांना मी इतका आधार दिला त्यांनीच केसाने गळा कापला. फाईल आपल्याला नंतर फडणवीसांनी दाखवली, असंही त्यांनीच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल, त्याच्याच गावच्या बाजारपेठेत!

अजितदादांना वाटलं असणार की यातून आबांची सहानुभूती कमी होईल. झालं भलतंच. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की आबांनी स्वतःच्या पक्षाच्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या चौकशीवर सही केली आणि बाहेर ब्र काढला नाही. आयुष्यभर ज्याला बोलका म्हणून ओळखलं त्याने ही एक गोष्ट कुठल्याच सभेत सांगितली नव्हती. सही नियमाप्रमाणे आली म्हणून केली, की मनातनं केली, की खालून आलेला प्रस्ताव होता म्हणून अडवला नाही, यावर तासगावच्या बेदाणा मार्केटमध्ये वाटेल तेवढे तर्क ऐकायला मिळतील, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगेल.

रोहित २७ हजारांच्या वर मतांनी निवडून आला, पंचविसाव्या वर्षी, विधानसभेतला सगळ्यात तरुण आमदार. त्याच्याकडेही कारखाना नाही. सभागृहातली त्याची पहिली भाषणं व्हायरल झाली ती बापासारखा बोलतो म्हणून.